छपरावरची काजळी

मु. नवलाख उंबरे

बयाबाईस सप्रेम जयभीम.

मी बरा आहे. शेळी व्याली का?

आमच्या कारखान्यात परदेशी कंपनीच्या महागड्या पर्सा शिवतात. कारखाना किती धूर सोडतो ते लिहून न्यायला काल कंपनीच्या बाई आल्या. साहेबांनी छपरावरचं सोलर दाखवलं. "सगळं उन्हावर चालतं," म्हणाले. बाईंनी तसंच लिहिलं. माझं डोकं फिरलं. त्या सोलरला वायरच जोडलेली नाही. दिवसभर डिझेलचा जनरेटर धडधडतो आणि त्याची काजळी मी रोज सोलरवरून पुसतो.

मी बाईंसमोर फडकं पिळलं. काळं पाणी त्यांच्या बुटांपर्यंत गेलं.

"हे काय, बाबा?"

"धूर हाय, बाई. ह्यो बी लिवा."

साहेबांनी शनिवारी बोलावलंय. कायमचा घरी आलो तर भांडू नकोस.

तुझा रखमाजी