दोन वेळचे दाणे

प्रिय चिमणे,

सविनय तक्रार अशी, की गेले चार दिवस माझ्या वाचायच्या खुर्चीत तुझी कोंबडी बसते आणि मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. खुर्चीवर हक्क सांगायला गेलं, की ती एका डोळ्याने अशी बघते, की तीस वर्षं संस्कृत शिकवलेला माणूस गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा मागे सरतो. तू तिचं नाव 'मोठ्या बाई' ठेवलंस, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

बाईंनी रविवारी अन्नत्याग केला. मान आत ओढून कोपऱ्यात उभ्या. गळ्याखालची पिशवी, जिथे गिळलेले दाणे आधी साठतात, ती चेंडूसारखी टणक. सोमवारी खोक्यात घालून मोठ्या रस्त्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पिशवी कापून रिकामी करता येईल, म्हणाल्या. खर्चाचा आकडा मी दोनदा विचारला. दुसऱ्यांदाही तोच निघाला. एवढ्यात अख्खं खुराडं भरेल, हे मी बोललो नाही, पण चेहरा बोलला असावा. त्या हसल्या. म्हणाल्या, काका, आधी घरी करून बघा. दाणे बंद, पाणी चालू, तेलाचे दोन-चार थेंब, आणि दिवसातून चारदा पिशवी हलक्या हाताने चोळा. उलटी धरू नका, पिशवीतलं श्वासनलिकेत जाईल. तीन दिवसांत मऊ पडली नाही, तर मात्र आकडा न बघता घेऊन या. निघताना विचारलं, दाणे कितीदा घालता? दोनदा, मी छाती पुढे काढून सांगितलं, तीन वर्षांत नेम चुकलेला नाही. त्यांनी पुन्हा पिशवी चाचपली. काका, हे दोन वेळचं नाही. हिला कुणीतरी दिवसभर भरवतंय.

जरा उठून बघून आलो. पाणी प्यायली. तुझी आई तिच्याशेजारी बसून मोज्यांच्या घड्या घालते आहे.

संशय अर्थातच शेजारच्या रिटायर्ड वायरमनवर गेला. मंगळवारी कुंपणापाशी उभं राहून त्याला शुद्ध, समासयुक्त भाषेत सुनावलं. तो म्हणाला, मास्तर, मला घरात कुणी जेवायला विचारत नाही, मी तुमच्या कोंबडीला कशाला विचारू? तरी मी कुंपणाची भोकं तारेने बुजवली. बोट कापून घेतलं, तेव्हा तोंडून निघालं ते मात्र शुद्ध भाषेत नव्हतं.

काल सकाळी तुझी आई वाटीभर दाणे घेऊन आली. बाईंच्या पोटात आज काहीच नाही, म्हणाली. मी सगळं समजावलं. हो का, बिचारी, म्हणाली, आणि वाटी ठेवून दिली. अर्ध्या तासाने पुन्हा वाटी. तेच वाक्य, तीच माया. दुपारपर्यंत चारदा. आणि मधल्या वेळात तिच्याच हाताने पिशवी चोळणं चाललेलं, माझ्याहून किती तरी बेताने. मी डबा कपाटावर चढवला, तर दाणे संपलेत म्हणून मला दुकानात पाठवलं. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन उभा राहिलो आणि दुकान बंद होतं असं सांगितलं. परतलो तेव्हा, कुठे गेला होतात, असं तिने विचारलं.

वायरमनची माफी मागून आलो. पिशवी आज कणकेसारखी मऊ लागते आहे, खुर्चीत अंथरलेल्या टॉवेलवर पुरावाही सादर झालाय. कोंबडी वाचेल. तिच्यासाठी एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं. गेल्या महिन्यात तुझ्या आईने गॅस चालू ठेवला, तेव्हा मी विनोद केला होता. त्याआधी ती रस्ता चुकली, तेव्हाही. कोंबडीला डॉक्टरांकडे न्यायला मी एकच रात्र थांबलो. तिला डॉक्टरांकडे न्यायला सहा महिने टाळतो आहे. पैशासाठी नाही. ते काय सांगतील, याची मला भीती वाटते. पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. तू ये. मला एकट्याला तिथे बसता येणार नाही.

तुझाच,
बाबा