सुमेधाचा ब्लॉग बंद करण्याचे काम

४ मार्च

सुमेधा दिगंबर आठल्ये, तुझी सर्व खाती मी रीतसर बंद केली. बँक, विमा, फोन, वाचनालयाचे कार्ड. कोठेही दुसरी खेप पडली नाही. आता ब्लॉग तेवढा राहिला. ‘विषुववृत्तालगत’ या पत्त्याची मुदत मार्चअखेर संपते. ती वाढवायची नाही, असे ठरवले आहे. तुझा शेवटचा लेख कित्येक वर्षांपूर्वीचा; वाचक केव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. बंद करायचे ते नीट करायचे: एक निवेदन, वाचकांचे आभार आणि पूर्णविराम.

मैत्रेयीस (यापुढे मै.) फोनवर कळवले. “बेटर लाह, बाबा. मी सगळ्याची पीडीएफ करून ठेवते.” लेक आपली, ‘लाह’ सिंगापूरच्या बुकित बातोकचा.

६ मार्च

निवेदनाची पूर्वतयारी म्हणून जुने लेख वाचावयास घेतले. लेख बाजूला राहिले, खालच्या प्रतिक्रियाच वाचत बसलो.

निरीक्षण नोंदवतो. आरंभी माणसे परिच्छेद लिहीत. तू बुकित बातोकच्या बाजारातल्या कच्च्या फणसाबद्दल लिहिलेस, तर खाली फणसाच्या भाजीवर तीन घराण्यांचे भांडण. कोणी ‘खो’ द्यायचे: विषय ठरवून पाच जणांना लिहावयास लावायचे, त्यांनी पुढच्या पाचांना. मग मंडळी फेसबुकवर गेली. तेथे परिच्छेदाचे वाक्य झाले. पुढे वाक्याचा अंगठा झाला. आता ग्रुपवर रोज सकाळी गुलाब येतो, कोणी पाठवला तेही कोणी पाहत नाही.

तू प्रत्येक प्रतिक्रियेस उत्तर देत होतीस. मी शर्टांना इस्त्री करीत असे आणि तू मोठ्याने वाचून दाखवीस: “ऐका, बातामवाली काय म्हणते.” मी ‘हं’ म्हणत असे. तो ‘हं’ही तुला पुरत असे, हे…

इस्त्री अजून मीच करतो.

८ मार्च

निवेदन प्रसिद्ध करण्यापूर्वी यंत्रणा चालते की नाही हे तपासणे इष्ट. तुझ्या टॅबलेटवर पासवर्ड साठवलेला होताच. शीर्षक: ‘चाचणी’. मजकूर: ‘चाचणी’. प्रसिद्ध केले. दिसले. लगेच काढून टाकले. यंत्रणा उत्तम.

९ मार्च

यंत्रणा फारच उत्तम. नवा लेख आला की वर्गणीदार वाचकांना ईमेल आपोआप जाते, हे मला ठाऊक नव्हते. लेख काढला तरी गेलेली ईमेल परत येत नाही. काल जुन्या सर्व वाचकांना पोहोचले: ‘सुमेधा यांचा नवा लेख: चाचणी’.

ग्रुपवर गोंधळ. “ताईंचा ब्लॉग हॅक झाला!” “कोणीही लिंक उघडू नका!” बापटांनी लिहिले, “वर नेटवर्क आलं वाटतं.” थोड्या वेळाने त्या जागी: हा संदेश हटवला गेला. बापट बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. जिभेला मात्र बढती मिळालेली नाही. तरी खरे सांगतो, वाचून मला हसू आले. तुला तर आलेच असते.

मै. रागावली. “बाबा, आर यू सीरियस? आईच्या नावाने टेस्ट मेल? आधी मला विचारायचं ना!” मी म्हणालो, विचारले असते तर ती चाचणी झाली नसती. फोन ठेवला. तिने की मी, आठवत नाही.

संध्याकाळी तुझ्या खात्यावर एक ईमेल. समुद्रापलीकडच्या बाताम बेटावरची ती बातामवाली. कुमुद.

“चाचणी? कसली चाचणी घेतेस गं! इतकी वर्षं होतीस कुठं? मी पास का नापास ते सांग आधी, मग बोलू.”

ही बाई फेसबुकवर नव्हती, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. सगळे उठून गेले तरी ती तेथेच बसून राहिली. तिला कोणीही कळवलेले नाही.

१० मार्च

उत्तराचा मसुदा: ‘महोदया, कळविण्यास अत्यंत दुःख होते की’. बरोबर होता. पाठवता येईना. दुसरा साधा लिहिला. पाठवणार तोच दिसले की प्रेषक म्हणून ‘सुमेधा’ असेच उमटणार. तू गेल्याचे तूच कळवणार. हात काढून घेतला.

माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून लिहिले: “कुमुदताई, मी दिगंबर. सुमेधा गेल्या श्रावणात गेली. चाचणी मी घेत होतो. क्षमा असावी.”

याहून लहान पत्र मी आयुष्यात लिहिलेले नाही.

१४ मार्च

कुमुदताईंचे उत्तर. प्रथम, चार दिवस लागले याबद्दल दिलगिरी. यजमान बातामच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात. तेथे मराठी बोलणारे घर त्यांचे एकटेच. “मी तुमच्याकडचे जुने लेख पुन्हा पुन्हा वाचते, भावोजी. शेजारणीकडे जाऊन बसल्यासारखं. ती घरी नाही हे माहीत होतं. येईल वाटायचं.”

‘तुमच्याकडचे’. ब्लॉगला त्या घर समजतात. आणि मी त्यांना मार्चअखेर घर बंद होणार असल्याचे कळवलेच नव्हते. आज कळवले. कर्तव्य होते.

१९ मार्च

बापटांची सूचना: बंद होण्याआधी सर्वांनी एकदा भेटावे. मान्य केली. मै.च्या जुरोंग ईस्टच्या कॉन्डोमधील फंक्शन रूम २८ तारखेच्या दुपारी मिळाली. ग्रुपवर रीतसर सूचना लावली; वेळ, स्थळ, कार्यक्रम. उत्तरादाखल हात जोडलेली चित्रे भरपूर. त्यांचा अर्थ येतो असा की येत नाही असा, हे विचारले. बापट: “साहेब, तो अर्थ त्या दिवशीच कळतो.”

कुमुदताईंनी एका ओळीत कळवले: “सकाळच्या फेरीबोटीने येते. चिवडा आणते.”

मै.शी बोलणे पूर्ववत. पीडीएफ तयार आहे. प्रतिक्रिया मात्र तिने गाळल्या, “पाने खूप होतात, बाबा.” घालावयास सांगितल्या. घालते म्हणाली. रात्री तिचाच संदेश: “आई लोकांना किती रिप्लाय द्यायची. आय नेव्हर न्यू.”

२८ मार्च, दुपारी चारपर्यंत

हार्बरफ्रंटला फेरीबोटीच्या धक्क्यावर गेलो. तेथे बंदराच्या कचेरीत इतकी वर्षे नोकरी केली, पण उतारूंच्या बाजूस उभा राहिलो नव्हतो. कुमुदताईंना ओळखणे सोपे गेले. हातात स्टीलचा डबा, तोही कापडात बांधलेला. साठीच्या आतबाहेर, उंच, आवाज मोठा.

“भावोजी, तुम्ही अगदी तिनं लिहिलंय तस्सेच आहात. इस्त्री दिसते.”

दर दोन महिन्यांनी मसाल्यांसाठी त्या सिंगापूरला येतात. मी विचारले, मग सुमेधाला एकदाही कशा भेटला नाहीत? “ठरायचं आणि राहायचं. आणि भेटलो असतो तर मग लिहायला काय उरलं असतं?”

हॉलमध्ये हात जोडणाऱ्यांपैकी नऊ आले. चिवडा उत्तम. प्रथम सर्व जण फोन पाहत बसले. मग कुमुदताईंनी फणसाच्या भाजीचा विषय काढला आणि जुना वाद, थांबला होता त्याच वाक्यापासून, पुन्हा सुरू झाला. बापट नारळाच्या बाजूचे. आवाज इतका की गार्ड डोकावून गेला. मै. दाराशी उभी राहून ऐकत होती, अर्धे कळत नव्हते तरी.

मी उभा राहून निवेदन वाचले. चांगले जमले आहे. टाळ्या झाल्या. कुमुदताईंनी वाजवल्या नाहीत.

“बंद कशाला? मी लिहिते की. मला तिथं बसायची सवय आहे.”

बापट लगेच, “वा! खो घेतला ताईंनी!” दोघे-तिघे म्हणाले, आम्हीही अधूनमधून लिहू. मै. म्हणाली, पत्त्याची मुदत वाढवणे पाच मिनिटांचे काम आहे, आत्ता करते. मी हो म्हटले. निर्णय बदलण्यास सबळ कारण असेल तर बदलावा. यात संकोच नाही.

तेव्हा कुमुदताई माझ्याकडे वळल्या. “लिहायचं काय, लिहीन मी. पण उत्तर कोण देणार? ती प्रत्येकाला द्यायची. म्हणून तर माणसं येत होती, भावोजी. लेखासाठी कोण येतं?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आयुष्यभर मी पत्रांना उत्तरे दिली आहेत. ‘संदर्भ’ आणि ‘विषय’ घालून. बातामच्या पावसावर कोणी चार ओळी लिहिल्या, तर त्याला काय उत्तर द्यायचे असते? तू काय देत होतीस ते मला पाठ आहे. ते तुझे झाले.

“विचार करून सांगतो,” म्हणालो.

“करा. मी घाई करत नाही. पहिला लेख मात्र एप्रिलात येणार.”

२८ मार्च, संध्याकाळी

मै. कुमुदताईंना फेरीबोटीवर सोडावयास गेली. टॅक्सीत बसताना मै. त्यांना फणसाला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगत होती, आणि त्या तिला मराठी शब्द पुन्हा म्हणावयास लावत होत्या.

मुदत एक वर्षाने वाढली. निवेदन मसुद्यातच आहे. ब्लॉगवर माझ्या नावाचे खाते मै.ने उघडून दिले. नाव अचूक आहे, खालची परिचयाची जागा कोरी. कुमुदताईंना अद्याप उत्तर दिलेले नाही.

हॉलमधल्या खुर्च्या रचल्या, टेबले पुसली, दिवे व एसी बंद केले. दाराला कुलूप लावले. किल्ल्या गार्डकडे परत केल्या; सही घेतली.