रुमाल टाकून धरलेला रविवार

१ मे, शुक्रवार
सुट्टी. नीताने चहाबरोबरच सांगितलं, बदलीची ऑर्डर आली. नागपूर. एक जूनला हजर व्हायचं. मी म्हटलं, त्या बँकेला काही पोच आहे की नाही! तर म्हणे, बदली तिनेच मागून घेतलीय. धक्क्यात माणूस काहीही बोलतो.
आभाचं काय, विचारलं. म्हणाली, अकरा वर्षांची आहे, तिलाच विचारू. बाबाकडे पनवेलला राहायचं की आईबरोबर यायचं, ते तिने अकरा तारखेला सांगायचं.
म्हणजे माझ्याकडे दहा दिवस आहेत. भरपूर झाले.

१ मे, सायं. ५
ठरलं. रविवार, दहा तारीख. खोपोलीजवळची धूमनगरी. आभा तीन वर्षं मागे लागलीय. तीनदा नेणार होतो, तिन्ही वेळा ऑडिट आडवं आलं. यात माझी काय चूक? दिवस असा झाला पाहिजे की पोरीने नागपूरचं नाव काढता कामा नये.

४ मे, सोमवार
ऑफिसात धूमनगरीचा नकाशा प्रिंट केला. ए-थ्री, कलर. एकूण चौदा राइड्स. लोक पाच-सहा करून दमून घरी येतात. का? तर रांगा. प्लॅनिंग शून्य!
मी पनवेलच्या एसटी स्टँडवर लहानाचा मोठा झालो. गाडी वळायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. अख्ख्या आळीला मी बसवून गावी पाठवलंय.
इथे तेच करायचं. आभा राइडमध्ये बसली की मी पुढच्या राइडच्या रांगेत. ती उतरून आली की माझी जागा तिला, आणि मी तिसरीच्या रांगेत. एक मिनिट वाया नाही. हे अजून कुणाला सुचलं कसं नाही?

६ मे, बुधवार
नीताने एक्सेल पाहिलं. विचारते, देवेश, यात तू कुठे बसतोयस? बँकेत सोळा वर्षं काढून बाईला तक्ता वाचता येत नाही. ‘देवेश – रांग’ असा वेगळा कॉलम आहे. पिवळा.

८ मे, शुक्रवार
रंगीत तालीम. आभाला रसवंतीत बसवलं, मी समोर आइस्क्रीमच्या रांगेत. टायमिंग उत्तम. पण आभा येईचना. जाऊन बघतो तर अर्धा ग्लास रस माझ्यासाठी ठेवून, त्यावर हात धरून बसलेली. माशा घोंघावत होत्या. समजावलं, बाळा, अशाने शेड्यूल कोसळतं.

९ मे, शनिवार
आभाला फक्त चक्रीवादळमध्ये बसायचंय, उलटीपालटी होते ती मोठी राइड. पण म्हणते, बाबा, तू शेजारी बस, मला भीती वाटते. बघू म्हटलं. राइड नं. ९.

१० मे, रविवार, सकाळी ७.५०
पोचलो! गेटवर पहिला नंबर आमचा. गेट साडेदहाला उघडतं. हरकत नाही.
दुसरा नंबर उरणच्या बाजारात मासळी विकणाऱ्या सखूबाईंचा. सून, नातवंडं, अंबाड्यात अबोली. मला विचारलं, दादा, इतक्या सकालच्या कशाला आलाव, आत काय आरती हाय? मी त्यांना एक्सेल दाखवलं. बघून म्हणाल्या, अन् तुमी कवा खेलनार? वेळ कमी असल्याने विषय वाढवला नाही.

दु. १.३०
सात झाल्या! शेड्यूलच्या चार मिनिटं पुढे. मागचे लोक कटकट करतात, घुसू नका म्हणतात. मी घुसत नाही, मी बदली खेळाडू देतो. पाय सुजलेत. आभा छान आहे बहुतेक. रांगेत जागा देताना दिसते तेवढी.

दु. २.४०
राइड नं. ९. आभाने हात घट्ट धरलेला. म्हटलं, बसू या एकदा शेजारी. इतक्यात बघतो तर दहा नंबरची रांग रिकामी! असा चान्स पुन्हा येत नाही. मागेच सखूबाई होत्या, त्यांना म्हटलं, जरा पोरीकडे बघा, आणि हात सोडवून घेतला. धावलो. पोचेपर्यंत तिथे शाळेची एक सहल घुसली.

सायं. ६.३०
चौदापैकी चौदा! इथे कुणी केल्या नसतील. मी एकही नाही, पण ते तक्त्यात धरलंच होतं.
बाहेर फोटो विकत मिळतात. चक्रीवादळचा घेतला. आभाचे डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी सखूबाईंचा हात धरलाय. सखूबाई तोंड उघडून हसतायत. आभा सांगत होती, आजी सगळा वेळ ओरडत होत्या, घाबरू नको गं पोरी, मी हाय ना.
फोटो चांगला आलाय. परतीच्या गाडीत आभा झोपली, खिडकीला टेकून.

११ मे, सोमवार
आभाने सांगितलं. नागपूर.
मी म्हटलं, अगं, चौदापैकी चौदा! ती म्हणाली, हो बाबा, मज्जा आली. मग आईला म्हणाली, बाबा सगळीकडे माझ्या पुढे असतो. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.
एक्सेलमध्ये कुठे चुकलं ते तपासतोय.

१३ जून, शनिवार
आभाचा नागपूरहून फोन. आनंदाने उचलला. तिला सखूबाईंचा नंबर हवाय, फोटो पाठवायचाय. म्हटलं, नाही गं माझ्याकडे. तुझ्याकडे कसा नाही, म्हणाली, तू तिथेच होतास ना. मग स्वतःच म्हणाली, नाही, नव्हतास.
शोधून काढतो म्हटलंय. उद्या उरण. सकाळची पहिली एसटी, मग थेट मासळीबाजार. प्लॅन पक्का.

१४ जून, रविवार
स्टँडवर गाडी वळायच्या आत खिडकीतून रुमाल टाकला. अजून हात बसलेला आहे. दोन जागा धरल्या. सवय.
एका गृहस्थांनी विचारलं, कुणी येतंय का? म्हटलं, हो, येतेय. ते उभे राहिले. कळंबोलीपर्यंत उभे होते. कंडक्टर आला, किती विचारलं. एक म्हणालो.
गृहस्थांनी रुमाल उचलला, घडी करून माझ्या मांडीवर ठेवला आणि बसले.