रिकामा टॅग

७ जुलै

क्लास लावला एकदाचा! मी नाही, कुलदीपने लावला. आधी फी भरून आला, मग मला सांगितलं. म्हणे, घरात बसून बसून तू वेडी होशील. नवरा माझा भाजीचं दुकान सांभाळतो, आणि बायकोचं मन सांभाळायला त्याला चिखलीचा कॉम्प्युटर क्लास सापडला. जाते. अमडापूरहून एसटीने जायचं-यायचं, तेवढा वेळ तरी आढ्याला लावलेला पाळण्याचा हुक दिसणार नाही.

९ जुलै

शिकवणाऱ्या मदिहा मॅडम माझ्याहून लहान असतील. एक्सएमएल शिकवतात. नाव ऐकूनच घाबरले होते, पण तसं काही नाही. माहिती नुसती लिहायची नाही, ती कशाची आहे तेही लिहायचं. त्याला टॅग म्हणतात. डब्याला चिठ्ठी लावतो तसंच – फक्त इथे चिठ्ठी दोनदा, माहिती सुरू होताना एक आणि संपताना एक. संपतानाच्या चिठ्ठीत तिरकी रेघ. टॅगची नावं आपली आपण ठरवायची, मराठीतही चालतात म्हणे!

घरी येऊन जुन्या लॅपटॉपवर सासूबाईंच्या बकरीवरच सराव केला.

<बकरी>
<नाव>जयमाला</नाव>
<रंग>काळा</रंग>
</बकरी>

त्यांना वाचून दाखवलं. हसल्या जराशा. त्यांची प्रत्येक बकरी जयमालाच. एक गेली की दुसरी आणतात, नाव तेच. आईला दुसरं नावच येत नाही म्हणून कुलदीप त्यांना लहानपणापासून चिडवतो.

१४ जुलै

एसटीत कुणाचं तरी बाळ रडलं आणि माझा पदर दुधाने ओला झाला. अजून! कुणाला सांगू?

१६ जुलै

आज नियम. सगळं मिळून एका मोठ्या टॅगच्या पोटात असायला हवं. आत जे उघडलं ते आतच बंद करायचं, बाहेरचं बंद होण्याआधी. उघडून तसंच सोडलेलं चालत नाही. एक जरी चुकलं तरी अख्खी फाइल उघडत नाही.

घरचा अभ्यास – आपलं कुटुंब लिहून आणा. बाकीच्या पोरी खूश. मी वही मिटली.

१८ जुलै

लिहायला बसले. सगळ्यांच्या बाहेर ‘कुटुंब’. आत सासरे नारायणराव – ते आता नाहीत – आणि सासूबाई, पुष्पाबाई. त्यांच्या खाली ‘मूल’, त्याचं नाव कुलदीप. कुलदीपच्या आत ‘पत्नी’, छाया. म्हणजे मी. मग आमच्या खाली पुन्हा ‘मूल’ लिहिलं आणि हात थांबला.

नऊ दिवस होती ती. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं, पाहुण्यांना निरोपही गेले होते. नावावरून मी आणि कुलदीप भांडत होतो. मला एक आवडायचं, त्याला दुसरं. भांडण मिटायच्या आत ती गेली. दवाखान्याच्या कागदावरही नुसतं ‘छाया यांची मुलगी’.

त्याच आठवड्यात सासूबाई मला म्हणाल्या होत्या, “ज्याचं बारसं नाही झालं, त्याले मोजत नसतात. आता तिचा विषय काढू नोको.” तेव्हा मी मान डोलावली. पण राग आहे मला त्यांचा. खूप राग आहे.

२१ जुलै

मॅडमना विचारलं, एखाद्याचं नावच नसेल तर काय करायचं? त्या म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. टॅग लिहायचाच नाही, किंवा लिहून रिकामा ठेवायचा. दोन्हीने फाइल चालते, पण अर्थ एक नाही. टॅगच नसेल तर वाचणाऱ्याला वाटतं, असं कुणी नव्हतंच. रिकामा असेल तर कळतं की आहे, फक्त आत काही लिहिलेलं नाही.

क्लास सुटल्यावर माझ्याजवळ आल्या. “ताई, रिकामा टॅग ही चूक नसते,” एवढंच म्हणाल्या. बाकी काही विचारलं नाही. फार बरं वाटलं.

घरी येऊन लिहिलं.

<मूल>
<नाव></नाव>
</मूल>

रडले. पण लिहिलं.

२३ जुलै

फाइल उघडेना! लाल अक्षरात चूक दाखवते – उघडलेलाच नाही असा ‘मूल’ बंद केलाय. वर जाऊन पाहिलं. सुरुवातीची ओळ नाही, नावाची ओळ नाही. खाली नुसता बंद करायचा टॅग उरलाय, एकटा.

मी नाही पुसलं. सासूबाई लॅपटॉपला हात लावत नाहीत. मग राहिलं कोण?

२४ जुलै

कुलदीपने कबूल केलं. मी ओरडले त्याच्यावर, तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, “नाव म्हणून लिहेल हाये, अन् आत काहीच नाही. मले पाहवलं नाही, छाया.”

मला वाटलं होतं त्याला काही वाटतच नाही! दुकानात बसतो, हिशेब करतो, जेवतो. त्यालाही धड पुसता आलं नाही. बंद करायचा टॅग त्याला दिसला नाही की पुसवला नाही, कोण जाणे. आई म्हणते तसं काढून टाकू, असं मात्र तो पुन्हा म्हणालाच. मी नाही म्हटलं. एका खाटेवर दोघं दोन भिंतींकडे तोंड करून झोपलो.

२६ जुलै

दोन्ही ओळी परत लिहिल्या. फाइल उघडली.

सासूबाईंनी आमचं भांडण ऐकलं असणार. आज स्वतःहून म्हणाल्या, काय लिहिलं ते वाच. वाचलं सगळं, पहिल्यापासून. शेवटी म्हटलं, “मूल. नाव – रिकामं.” आता बोलणी बसणार म्हणून मन घट्ट केलं. त्या उठल्या आणि बकरीला पाला टाकायला गेल्या. बराच वेळ तिच्यापाशीच बसून होत्या.

२७ जुलै

सकाळी सासूबाई चहा घेऊन जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, “माह्या नावाखालीबी एक टाक. कुलदीपच्या आधी. पोरगी होती.”

मी हळूच विचारलं, नाव रिकामं ठेवू?

“नाही. तिचं नाव ठेवलं होतं मी. कोणाले सांगतलं नाही.”

मी पुढे विचारलं नाही. जयमाला लिहिलं.