लवंगेची खूण

प्रिय विमल,

नुसतं 'विमल' वाचून दचकू नकोस. भट्टीवर चार लोकांत मी तुला विमलताई म्हणतो, अहो-जाहो करतो, आणि तूही मला इंद्रजितभाऊ म्हणतेस. पण बाभुळगावच्या शाळेत आपण एका वर्गात होतो आणि तेव्हा तू मला सरळ 'ए इंद्र्या' म्हणायचीस. त्या जुन्या हक्काने लिहितो आहे. तोंडाने सांगता आलं असतं, पण भट्टीवरचं गिऱ्हाईक हलत नाही आणि तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मागे कोहळ्याच्या केकचं विचारायला फोन केला, तर तुझ्याआधी शेजारच्या हंसाबाईंनीच उत्तर दिलं होतं.

तुझ्या डब्याचं झाकण वाकलंय, म्हणून नानकटाई माझ्या बेकरीच्या डब्यात भरून पाठवतोय. पत्र वरच्या कागदाखाली ठेवलंय. आधी एक खाऊन घे, मग वाच. यंदा फार खुसखुशीत उतरली आहे.

काल तू मसाल्याची बाटली माझ्या हातात दिलीस आणि नेहमीसारखं म्हणालीस, "पाहा बरं भाऊ, काय कमी हाये?" आणि मग हसत हसत, "हा शेवटचाच समजा." दिवाळीच्या सुट्टीत तुझा लेक आयुष येणार, त्याला तू हो म्हणणार, घर भाड्याने जाणार आणि तू पुण्याला, हे मला हंसाबाईंकडून कळलं होतंच. तरी तुझ्या तोंडून ऐकल्यावर मी बाटलीत नाक घालून नुसता उभा राहिलो. तुला वाटलं मी जायफळ शोधतोय.

किती घरं पाहिली मी या भट्टीवर! बाबांनी अमरावतीला पाव शिकून नेरात ही भट्टी घातली, तेव्हापासून दसरा जवळ आला की लोक आपापला मैदा, तूप, साखर घेऊन येतात आणि डब्यांची रांग लागते. एकाची नानकटाई दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून ज्याची त्याची खूण. कुणी अंगठा दाबतं, कुणी चारोळी लावतं, डोंगरसिंगांच्या घरचे तर कुलपाच्या किल्लीचा छाप उठवतात. तुझी खूण लवंग. मधोमध एकच, डोकं वर. तुझे बबनराव होते तेव्हा तेच सायकलच्या कॅरिअरला डबा बांधून आणायचे आणि उतरवताना मला बजावायचे, "लवंगवाल्यायचा डबा हाये, जपून." फार भला माणूस. त्यांच्यानंतर तू स्वतः डबा घेऊन यायला लागलीस, आणि माझी मंदा गेल्यावर गल्ल्यावर मी एकटाच बसायला लागलो. तेव्हापासूनची आपली ओळख म्हणजे एक डबा आणि एक बाटली.

पण ती बाटली काय असते, हे तुला कुणीतरी एकदा नीट सांगायला हवं. इथे सगळ्यांच्या घरी मसाला म्हणजे मटणाचा. तिखट, काळा, डोळ्यांतून पाणी काढणारा. तू मात्र दालचिनी, सुंठ, लवंग, वेलची, जायफळ आणि मोजून चार मिरे घेऊन गोडाचा मसाला केलास. पावसाळा सरला की दुपारी ऊन भाजून काढतं आणि पहाटे चादर ओढावीशी वाटते, त्या दिवसांत तुझा ट्रे भट्टीतून निघाला की बसस्टँडकडे निघालेली माणसं मागे फिरायची. काय आहे, काय आहे, म्हणून विचारायची. मी ऐटीत सांगायचो, विकायचं नाही, विमलताईंचं आहे.

मग तापाचं ते वर्ष आलं. ताप सगळ्यांनाच आला, वास अनेकांचा गेला आणि बहुतेकांचा परत आला. तुझा आला नाही. तू हे कुणाला सांगितलं नाहीस. त्या ऑक्टोबरात बाटली घेऊन आलीस, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलीस आणि म्हणालीस, "मले काहीच येऊन नाही राह्यलं भाऊ. तुमचं नाक द्या जरासं." असं कुणी मागतं का! मी वास घेतला आणि उगाच एक खोड काढायची म्हणून म्हटलं, वेलची पुढे पुढे करते आहे. तू घरी जाऊन पुन्हा कुटून आणलीस. मी खरं तर थट्टा केली होती, पण दुसऱ्या वेळचा मसाला सरस होता, म्हणून गप्प बसलो.

एकदा पाव द्यायला आलो होतो तेव्हा तुला अंगणात मसाला भाजताना पाहिलं. मी फाटकापाशीच थांबलो होतो. जिला वास येत नाही ती बाई मसाला कसा भाजते, हे मला पाहायचं होतं. दालचिनी तू दोन बोटांत धरून मोडत होतीस आणि काडकन आवाज येईपर्यंत पुन्हा उन्हात टाकत होतीस. लवंग तव्यावर फुगली की नाही ते तळव्यावर घोळवून पाहत होतीस. सुंठेचा कण जिभेच्या टोकावर ठेवून डोळे मिटायचीस, झणका किती वेळ टिकतो ते बघायला. आमच्यासारख्यांचं पावाच्या पिठात मीठ जरा कमी पडलं तरी आम्ही दिवसभर दुसऱ्यावर खेकसतो. तुझं तर अर्धं सामानच देवाघरी गेलेलं, आणि तू गाणं गुणगुणत होतीस. मी पाव तिथेच फाटकाला टांगून परत आलो. खरं सांगतो विमल, त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा नाही, तुझ्या ओळखीचा अभिमान वाटला.

मागच्या वर्षीचं आठवतं ना? वस्तीतून दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाडीत वाटायची म्हणून तू भरमसाट नानकटाई घातली होतीस. मनगट दुखत होतं, म्हणून खलबत्ता सोडून हंसाबाईंचा मिक्सर आणलास. त्यांनी त्याच भांड्यात आदल्या दिवशी मटणाचं लसूण-मिरचीचं वाटण केलं होतं. भांडं धुतलेलं होतं, पण झाकणाच्या रबरात लसूण मुरलेला, आणि पात्याखाली काय काय अडकलं होतं कोण जाणे. तुला कळायचं कसं? गोळे वळून, लवंगा टोचून तू ट्रे पुढे केलास आणि मी वाकलो. भट्टीवर दहा बायका. तू विचारलंस, "काहून थांबले भाऊ?" त्या वेलचीच्या थट्टेखेरीज मी तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही, म्हणून सांगून टाकलं की लसणाचा वास येतोय. तू चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलंस, क्षणभर माझ्याकडे पाहिलंस आणि अशी हसलीस की ट्रे हातातून सुटला असता. "अन् मले वाटलं सुंठच जहाल निंगाली! भाजा भाऊ, भाजा. नागपूरपर्यंत कोनी झोपनार नाही गाडीत." भाजली. गाडीतल्या लोकांनी चहाबरोबर तिचा फडशा पाडला, आणि यंदाही दोघातिघांनी मला विचारलं की ती तिखट-गोड नानकटाई पुन्हा होणार का!

पण हसून झाल्यावर तू बाभळीच्या लाकडांच्या थप्पीआड गेलीस आणि पदराने डोळे पुसलेस. मी पाहिलं नाही असं तुला वाटतं. बाहेर आलीस ती एकच प्रश्न घेऊन, "भाऊ, आज कसला वास हाये इथं?" मी गांगरलो. वास कसा सांगायचा असतो? म्हटलं, ओलं लाकूड आहे, कापसाच्या जिनिंगकडून सरकीचा तेलकट वास येतोय, आणि टोस्टचा ट्रे जरा जास्त लागला आहे. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, "आला." तेव्हापासून पाव घ्यायला येतेस तेव्हा रोज विचारतेस. आता तर मी सकाळी शटर उघडलं की आधी श्वास घेऊन ठेवतो, आज तुला काय सांगायचं ते ठरवायला. तूर फुलली की नाही, कुणाकडे फोडणी करपली, हे गावात माझ्याइतकं कुणाला कळत नसेल.

आणि मग या भादव्यात ते गॅसचं झालं. दूध उतू जाऊन शेगडी विझली, तू बाजूलाच भाजी निवडत बसलेली, आणि हंसाबाई विरजण मागायला आल्या म्हणून निभावलं. दार उघडताच त्या ओरडल्या, "वो विमलबाई, बाहेर निंघा आधी!" आयुषला हे कळलं आणि त्याने पुण्याचं काढलं. त्याचं काही चुकत नाही. मी त्याच्या जागी असतो तर सुट्टीचीही वाट पाहिली नसती. पण तू पुण्याचं बोलतेस तेव्हा लेकाकडे निघालेली आई दिसत नाहीस, शाळा सुटण्याआधीच दप्तर भरायला लावलेली पोर दिसतेस. "जा लागते भाऊ," म्हणतेस. जावंसं वाटतं, असं एकदाही म्हणाली नाहीस.

म्हणून हे पत्र. तुझ्या घरात एक नाक हवं आहे, विमल. माझं आहे. विहारात चार माणसांसमोर रीतसर लग्न करू आणि मीच तुझ्या घरी राहायला येतो. भट्टी तिथून जवळच आहे, तुझं अंगण, तुझा खलबत्ता, काही हलवायला नको. गाव दोन दिवस बोलेल आणि तिसऱ्या दिवशी पाव घ्यायला येईल. माझ्या पायलला मी विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा, मले काहून विचारता? काकूले विचारा ना." आयुषशी मी स्वतः बोलेन, त्याचा मान राखून. हे दया म्हणून लिहितोय असं समजू नकोस. तुला सांभाळण्याची माझी काय लायकी, तू अख्खी गाडी लसणाच्या नानकटाईवर नागपूरला नेलीस! गरज माझी आहे. तू गेलीस तर मला वास येऊन काय उपयोग, सांगायचा कुणाला? तुला मनापासून पुण्याला जायचं असेल तर खुशाल जा, दर दसऱ्याला डबा पोचता करीन. तोंडी उत्तर नको, मला ते भट्टीसमोर ऐकवणार नाही. तू कुणाचाही डबा रिकामा परत पाठवत नाहीस, हे मला माहीत आहे. माझ्या डब्यात साखर घातलीस तर मी समजेन की विमलताईंनी रीत पाळली, आणि हा विषय पुन्हा कधी काढणार नाही. पण तुझ्या मनात असेल, तर साखर घालू नकोस. एक लवंग टाक.

भाऊ नव्हे, तुझाच,
इंद्र्या