हिरवा दंडुका

१ जानेवारी
आजपासून मी कंपनीचा सामाजिक जबाबदारी, नीतिमत्ता आणि शाश्वत विकास प्रमुख. कालपर्यंत खरेदी विभागात होतो. मालक म्हणाले, तुमच्या खरेदीपेक्षा तुमची भाषणं स्वस्त पडतील. मोठा मान आहे.

आमची कंपनी सुरक्षारक्षकांसाठी ढाली, हेल्मेटं आणि दंडुके बनवते. मुख्य धंदा दंडुक्यांचा. अशा ठिकाणी नीतिमत्ता आणणं म्हणजे खायचं काम नाही.

संकल्प : राग बंद. हात उगारायचा नाही. आवाजही चढवायचा नाही.

दुपारी : शिपायाने कागदी कपात चहा आणला. माझ्या केबिनमध्ये! कप भिरकावला. चहा त्याच्या शर्टावर गेला, पण कप बरोबर सुक्या कचऱ्याच्या डब्यात पडला. म्हणजे तत्त्व सुटलं नाही.

९ जानेवारी
सुचलं! दाढी करताना. त्या भरात गालही कापला.

पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वितळवून दंडुका. चाळीस बाटल्यांचा एक. आतून मऊ. मार बसल्याचं कळेल, पण लागणार नाही. मारणारा खूश, खाणारा खूश, पृथ्वी खूश. रंग हिरवा. टोकाशी उठावाची अक्षरं : ‘पृथ्वीला जपा’. फोरमन म्हणाला, अक्षरं नुसती छापू या की, उठाव कशाला? म्हटलं, संदेश ठसला पाहिजे. या माणसाला ब्रँडिंग कळत नाही.

२ फेब्रुवारी
बाटल्या वितळवायची शेड सुरू झाली. मागच्या कुंपणाला लागून. कुंपणापलीकडे आमच्या सासऱ्यांचं घर. सासरे म्हणजे रिटायर्ड पी.टी. मास्तर. सत्तरी ओलांडली तरी गळ्यातली शिट्टी सुटत नाही.

संध्याकाळीच फोन. जावईबापू, धूर येतोय. समजावून सांगितलं की हा रीसायकलिंगचा धूर आहे, साध्या धुरासारखा नसतो. म्हणाले, हे माझ्या नाकाला समजावा. आणि खोकले. मुद्दाम, फोन तोंडाशी धरून.

माझं मत : खोकला मानसिक आहे. जावयाचं बरं चाललेलं बघवत नाही, दुसरं काय.

११ फेब्रुवारी
दंडुक्याची चाचणी. आधी पुतळ्यावर. दुसऱ्या फटक्याला दंडुका वाकला. उत्तम.

मग कॅप्टनवर. हा आमचा सिक्युरिटीचा मुख्य. सैन्यात कधी नव्हता, पण मिशा आहेत. त्याने स्वतःच पोटरी पुढे केली. मारला तर हसायला लागला. म्हणाला, साहेब, याने डास पण मरायचा नाही. माझं डोकं सटकलं. पाच-सहा ठेवून दिले. हसतोच आहे! शेवटी मलाच धाप लागली.

निष्कर्ष : चाचणी शंभर टक्के यशस्वी.

२० फेब्रुवारी
रक्षकांसाठी मी नीतिमत्तेचं शिबिर घेतलं. नियम सुटसुटीत ठेवले. मारण्याआधी ‘माफ करा’ म्हणायचं. मारून झाल्यावर ‘बरे आहात ना?’ अशी विचारपूस करायची. मागच्या रांगेत एक जण खिदळला. त्याला डस्टर फेकून मारलं. आधी ‘माफ करा’ म्हणालो होतो.

२७ फेब्रुवारी
ही म्हणते, बाबांना काल डॉक्टरांकडे नेलं. छातीत घरघर आहे. असाच धूर आत गेला तर फुप्फुसं जातील. अहो, शेड हलवा, नाहीतर बाबा हातचे जातील, म्हणाली आणि रडली. म्हटलं, महिनाअखेर हलवतो, शब्द. नंतर लक्षात आलं, उद्याच महिनाअखेर आहे. मी अर्थात मार्चची म्हणालो होतो.

१८ मार्च
गिऱ्हाइकांनी सगळे दंडुके परत पाठवले. सोबत निरोप : हे वाकतात.

मालकांनी त्यातलाच एक मला फेकून मारला. कपाळावर बसला, जरासुद्धा लागला नाही. मी आनंदाने ओरडलो, बघा साहेब, बघा! ते आणखी भडकले आणि टेबलावरचा पितळी पृथ्वीचा गोल फेकला. तो लागला. दोन टाके.

टाके पडताना तोडगा सुचला. गिऱ्हाइकाच्या दंडुक्यात आतून लोखंडी सळई. प्रदर्शनाला आणि पुरस्काराच्या परीक्षकांना दाखवायचा तो पहिल्यासारखा मऊ. फोरमन म्हणाला, मऊवर पांढरी पट्टी मारतो, नाहीतर सरमिसळ होईल. अजिबात नाही! आपण दोन प्रकारचे माल बनवतो असं दिसलं तर नीतिमत्तेचं काय? त्याने विचारलं, मग ओळखायचे कसे? म्हटलं, मला हातात घेतल्याबरोबर कळतं.

१ एप्रिल
शेड हलली नाही. मालकांशी बोलणार होतो, पण त्यांच्या टेबलावर नवा गोल आलाय. मोठा आहे.

हिने जेवताना पुन्हा विषय काढला. मी आवाज चढवला नाही, फक्त टीव्हीचा रिमोट भिंतीवर आपटला. हिने तुकडे गोळा केले, त्यातले सेल वेगळे काढून ई-कचऱ्याच्या डब्यात टाकले. संस्कार माझेच, म्हणून बरं वाटलं. रात्रभर पाठ करून झोपली होती.

२४ एप्रिल, सकाळ
आज पुरस्काराच्या परीक्षक बाई येणार. ‘जबाबदार उद्योग’ पुरस्कार. शिवाय मालकांनी एका बड्या गिऱ्हाइकालाही बोलावलंय. भाषण पाठ आहे. शांत आहे. आज जग बघेल.

त्याच दिवशी, संध्याकाळ. डाव्या कुशीवर पडून लिहितोय
झालं ते असं.

बाई गाडीतून उतरतात न उतरतात तोच फाटकाशी शिट्टी. सासरे! मागे वस्तीतली पंचवीस-तीस माणसं, तोंडाला रुमाल बांधलेली. शेड बंद करा, शेड बंद करा. कुणीतरी दगड मारला, स्वागताची कुंडी फुटली. कॅप्टनची माणसं दंडुके घेऊन धावली. मी मध्ये पडलो. ओरडलो, थांबा, कुणी मारायचं नाही! इथवर मी फार चांगला वागलो, हे नमूद करतो.

मग बाईंनी विचारलं, या दंडुक्यांनी माणसं जखमी होत नाहीत का? मी म्हणालो, अजिबात नाही, दाखवतो. कोण पुढे येतंय?

सासरे आले. बाही वर केली. म्हणाले, सगळ्यांसमोर पैज लावतो जावईबापू. लागलं नाही तर मी तक्रार मागे घेतो, परत खोकणारसुद्धा नाही. लागलं तर शेड बंद. मारा, तुमच्याच हाताने मारा. ही गर्दीत होती, मला माहीतच नव्हतं. ओरडली, अहो नको! पण मी पैज मान्य केली होती. बाई बघत होत्या, मालक बघत होते. कॅप्टनच्या हातातला दंडुका घेतला. जरा जड वाटला. म्हटलं, घामाने वाटत असेल.

‘माफ करा’ म्हणालो आणि मारला. जोरात, कारण खात्री होती.

आवाज आला. सुकी फांदी मोडावी तसा. हात कोपराच्या खाली वाकला, जिथे वाकायला नको तिथे. सासरे खाली बसले, तोंड पांढरंफटक. माझ्या शिबिरात शिकवलं तेच तोंडातून गेलं : बरे आहात ना?

त्यावर ते उठले. माझ्या हातून निसटलेला दंडुका उचलला, दुसऱ्या हाताने. पी.टी. मास्तरचा हात. पाठीवर चार बसले. पाचव्याला मी कुंडीच्या मातीत तोंड खुपसून पडलो होतो. वरून आवाज आला, धापा टाकत : बरे आहात ना?

परीक्षक बाई पर्स टाकून पळाल्या.

२५ एप्रिल
आरशात पाठ पाहिली. काळीनिळी. मधोमध अक्षरं उमटलीत. दंडुक्यावर सुलट म्हणजे पाठीवर उलट, त्यामुळे आरशात व्यवस्थित वाचता येतं : पृथ्वीला जपा. सासऱ्यांच्या हातावरही असेल. आता प्लास्टरखाली.

ही नाही. कपाट अर्धं रिकामं. स्वयंपाकघरात सुक्या-ओल्याचे दोन्ही डबे धुऊन पालथे घातलेत.

२६ एप्रिल
मालकांनी मिठी मारली, पाठीवर थोपटलं. मी किंचाळलो. त्या बड्या गिऱ्हाइकाने पाच हजार दंडुक्यांची ऑर्डर दिली. म्हणाले, असा डेमो आजवर कुणी दिला नव्हता. शेड आता तीन पाळ्यांत चालणार.

मी मालकांना पैजेची आठवण करून दिली. म्हणाले, पैज तुम्ही लावलीत, शेड माझी आहे. मला वाटलं, तो नवा गोल उचलून त्यांच्या टाळक्यात घालावा. उचललाही. मग हाताकडे लक्ष गेलं. तोच हात. गोल पुसून जागेवर ठेवला.

२ मे
सासऱ्यांकडे गेलो. फाटकाशीच उभा राहिलो. माफी कशी मागायची ते घोकलं होतं, पण ‘माफ करा’ म्हणायची भीती वाटली. त्या घरात त्या शब्दांनंतर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

खिडकीत ही दिसली. आतल्या पलंगावर सासरे, हात गळ्यात बांधलेला. ते खोकत होते आणि दर खोकल्याला मोडक्या हाताला हिसका बसून कळवळत होते. हिने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. धुरासाठी की माझ्यासाठी, विचारायची हिंमत झाली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेडचा धूर कुंपणावरून सरळ अंगावर येत होता. परत फिरलो तर खोकल्याची उबळ आली, थांबेचना. पाठीत कळा आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, कुंपणाला धरून खाली बसलो.

मानसिक नव्हता.