अकरा नंबरचा बूट न मिळाल्याने एकवीस दिवस जमाव राहिल्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य साहेब,
अर्धवेळ राखीव पोलीस प्रशिक्षण केंद्र,
सावरडोह माळ, जि. बीड

अर्जदार : गहिनीनाथ सटवा देवकते, वय ३४, धंदा मेंढपाळ, रा. देवकते वस्ती, ता. केज

विषय : बूट, ट्रक थांबवायच्या हाताचे शिक्षण व प्रमाणपत्र मिळणेबाबत, तसेच जमावाचे पुढारीपण केल्याच्या आरोपाचा खुलासा.

संदर्भ : १) आपले कारणे दाखवा पत्र, दि. ७ फेब्रुवारी २०२५
२) आपल्याच केंद्राचा फोनवरील निरोप, दि. १० फेब्रुवारी २०२५

महोदय,

अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार सातवी पास असून पुढचे शिक्षण मेंढरांमागे, भेळीच्या पुड्याचे कागद वाचून झालेले आहे. त्यामुळे अर्जात कुठे तिखट शब्द लागला तर तो भेळीचा समजावा. मजकूर मात्र अर्जदाराचाच आहे आणि तो त्यावर कायम आहे.

१. मागल्या दिवाळीआधी केजच्या रस्त्यावर कळप रस्ता ओलांडत असता एका ट्रकने नऊ मेंढ्या चिरडल्या. अर्जदार हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभा होता. ट्रक थांबला नाही. पुढच्या चौकात मात्र खाकीतल्या एका राखीव जवानाने हात आडवा केला आणि तोच ट्रक गोगलगाय झाला. अर्जदार पळत तिथे गेला व विचारले, की बाबा, माझा बी हातच होता, मग तुझ्या हातात असं काय हाय? जवान म्हणाला, "सरावाचा हात हाय ह्यो. प्रशिक्षणात शिकवत्यात." एवढ्या एका हातासाठी अर्जदाराने आपल्या केंद्रात नाव घातले. शिट्टीची, काठीची, रुबाबाची त्याला हाव नव्हती. काठी त्याच्याकडे जन्मापासून आहे.

२. डिसेंबरात अर्जदार हजर झाला. भांडारात सगळ्यांचे बूट निघाले, अर्जदाराच्या पायाचा अकरा नंबर निघाला नाही. कवायत निदेशक विठ्ठलराव, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी पायाकडे बघून विचारले, "हे पाय हायत का नांगर, बे?" आणि आपल्या केंद्राचा नियम वाचून दाखवला : बिनबुटाच्या माणसास मैदानात उभे करू नये. परंतु जमाव पांगवायच्या तासाला समोर जमाव लागतो आणि जमावाला बूट लागत नाहीत. सबब अर्जदारास जमावात टाकण्यात आले. बाकीची पोरे पाळीपाळीने अर्धा दिवस जमाव व्हायची आणि परत पोलीस व्हायची. अर्जदार कायम जमाव राहिला.

३. पोलिसांना काय काय शिकवले, ते अर्जदाराने कुंपणापलीकडून पाहिले : सावधान, विश्राम, लाठी धरणे, आग विझवणे, बेशुद्ध माणसाला पाणी न पाजणे. आणि वाहतुकीचे हात : समोरची गाडी थांबवणे, मागची थांबवणे, दोन्हीकडच्या थांबवणे. तो तास चालू असता अर्जदारास मैदानामागे, जमावाने फेकायचे चिंध्यांचे दगड शिवायला बसवले होते. साहेब, ज्या एका तासासाठी माणूस आला, त्याच तासाला तो सुई-दोरा घेऊन बसला. याचा राग अर्जदाराला आजही आहे, आणि तो अर्जात लपवायचा त्याचा विचार नाही.

४. परंतु दिलेले काम अंगचोरपणे करणे हे देवकते घराण्यात नाही. आपली पोरे जमावाला मागून हाणत होती. मेंढरू मागून हाणले की कळप घट्ट होतो आणि पुढेच घुसतो, हे धनगराच्या तान्ह्या लेकरालाही माहीत असते. कळप वळवायचा तर पुढची घंटेवाली मेंढी वळवावी. जमावातली घंटेवाली मेंढी अर्जदारच होता आणि तो वळत नव्हता. एकवीस दिवसांत जमाव एकदाही पांगला नाही. नवव्या दिवशी तर जमावाने मैदानात बसून भाकरीची फडकी सोडली. ठेच्याचा वास सुटला तसे पोलीसच लाठ्या ठेवून जमावात आले. पहिला आला तो बजरंग, तुकडीतला सगळ्यात कडक जवान. दोन भाकरी खाल्ल्या त्याने. त्याला पास केले आहे.

५. शेवटच्या दिवशी वरचे साहेब प्रात्यक्षिक बघायला आले. तीनदा इशारा झाला, लाठीवाले पुढे आले, जमाव हटेना. उस्ताद अर्जदाराच्या कानाशी येऊन दात-ओठ खात म्हणाले, "पड की बे गहिन्या! साहेब बगायलेत!" अर्जदाराने विचार केला, की खऱ्या दंगलीत असे कानात सांगायला कोण येते? "खऱ्यासारखं करा" असा हुकूम सकाळी उस्तादांनीच दिला होता. अर्जदार पडला नाही. पाच मिनिटांत पाहुण्यांचा मंडप जमावाच्या ताब्यात आला. वरच्या साहेबांसाठी आणलेली शाल अर्जदाराच्या खांद्यावर कशी आली, हे गर्दीत त्यालाही कळले नाही. शाल लगेच परत केली आहे. नारळ फुटला होता, तो वाटला.

त्यानंतर निकालाच्या कागदावर आले : कवायत गैरहजर, लाठी गैरहजर, वाहतूक गैरहजर. शेरा : जमाव म्हणून उत्कृष्ट. प्रमाणपत्र नाही.

घरी आल्यावर बायको योगिताने कागद वाचला व म्हणाली, "पोलीस व्हायला गेलतात, अन् दंगलखोर होऊन आलात. निदान त्यात तरी पयला नंबर हाय का?" अर्जदार मान खाली घालून हो म्हणाला.

६. आता आपल्या आरोपाकडे. मागल्या महिन्यात दिंद्रुडच्या बाजारात अर्जदार एडका घेऊन गेला होता. तिथे एका नव्या दुकानदाराने पहिल्या पन्नास गिऱ्हाइकांना प्लास्टिकची बादली फुकट जाहीर केली. माणसे चारशे. बंदोबस्ताला आपले चार पास जवान, त्यात बजरंग. गर्दी दाराकडे लोटली. बजरंगने लाठी उचलली, तेवढ्यात त्याला गर्दीत अर्जदार दिसला आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. "आरं, गहिन्याचा जमाव हाय ह्यो! ह्यो न्हाई पांगत!" असे ओरडून तो टेम्पोवर चढला. उरलेले तिघे त्याच्यामागे चढले. एकवीस दिवसांचा सराव, साहेब, वाया जात नाही.

दाराशी सगळ्यात पुढे म्हाताऱ्या वत्सलाबाई होत्या. त्या चौकटीवर दाबल्या जायला लागल्या होत्या. अर्जदाराने एडक्याची दोरी टेम्पोवरच्या बजरंगच्या हातात दिली, बाजूने आत शिरला, म्हातारीला खांद्याला धरून तोंड फिरवले व म्हणाला, "मावशे, खाली बस. तू बसलीस की समदे बसत्यात." म्हातारी म्हणाली, "अन् माझी बादली?" अर्जदाराने आपली द्यायचे कबूल केले. ती बसली, तिच्यामागची बसली, चारशे माणसे खाली बसली. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. अर्जदाराला बादली मिळाली ती म्हातारीकडे गेली.

यावर आपले पत्र आले, की "आपण जमावाचे पुढारीपण केले, सबब आपले नाव यादीतून का कमी करू नये?" आणि तीन दिवसांनी उस्तादांचा फोन आला : "गहिनीभाऊ, नव्या तुकडीत समद्यांना बूट बसलेत. जमावच न्हाई. रविवारी तुझ्या वस्तीवरची बारा माणसं घेऊन ये, अन् पुढारी तूच ऱ्हा." पहिल्या कागदात भाऊ नव्हता, तो फोनमध्ये कुठून आला, हे अर्जदारास समजते. जमावाचे पुढारीपण हा गुन्हा आहे की नोकरी, ते केंद्राने आधी आपसात ठरवावे.

७. सबब विनंती एवढीच : अकरा नंबरचा बूट मागवावा. वाहतुकीच्या हाताचा एक तास, एकच, अर्जदारास उभे करून शिकवावा. मग प्रमाणपत्र द्यावे. शिमग्यानंतर कळप पुन्हा त्याच रस्त्याने न्यायचा आहे. त्या दिवशी ट्रकपुढे अर्जदार "जमाव म्हणून उत्कृष्ट" हा कागद धरू शकत नाही.

वरील होईपर्यंत दि. १६ चे रविवारी जमाव येणार नाही. बाराही माणसांना अर्जदाराने आपापल्या घरी पाठवले आहे व तोही आपल्या घरी बसला आहे. आपल्या मैदानावर एकवीस दिवसांत जो जमाव कोणालाच पांगवता आला नाही, तो आज स्वतःहून पांगला आहे. नव्या तुकडीला त्याचे पूर्ण गुण द्यावेत.

आपला नम्र व बिनबुटाचा,
गहिनीनाथ सटवा देवकते

ठिकाण : देवकते वस्ती
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) निकालाच्या कागदाची प्रत
२) उजव्या पायाचा ठसा, चिखलात उठवून कागदावर घेतलेला
३) चिंध्यांचा दगड, नग एक (सरकारी मालमत्ता, परत)